छोट्या हवाई दलाने परवडणारं लढाऊ विमान निवडायचं कसं?

उत्तरवारा

१७ फेब्रुवारी २०१४ ची पहाट. अदिस अबाबाहून रोमकडे निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान सहवैमानिकानेच पळवलं आणि जिनिव्हाकडे वळवलं. इटलीची लढाऊ विमानं त्याच्या मागावर गेली, पुढे फ्रान्सची गेली. ज्या देशात ते उतरणार होतं, त्या स्वित्झर्लंडचं मात्र एकही विमान वर गेलं नाही. त्यांच्याकडे एफ/ए-१८ हॉर्नेट होती, वैमानिकही कसलेले होते. पण स्विस हवाई दलाची गस्त तेव्हा कार्यालयीन वेळेत चालायची, सकाळी आठपासून पुढे. पळवलेलं विमान सहाच्या सुमारास उतरून मोकळं झालं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १८ मे रोजी, स्विस मतदारांनी स्वीडनची २२ नवी ग्रिपेन ई लढाऊ विमानं घ्यायचा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला. दोन विमानं चोवीस तास तयार ठेवायला त्यांना २०२० चा डिसेंबर उजाडला.

हे वाचल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. श्रीमंत देश, जगातल्या उत्तम विमानांपैकी एक पदरी, आणि तरी ऐन वेळी धावपट्टी रिकामी. लढाऊ विमानांवरच्या चर्चा बहुतेक वेळा वेग, रडारचा पल्ला आणि क्षेपणास्त्रांच्या संख्येवर अडकतात. मोठ्या हवाई दलांसाठी ते ठीक आहे. ज्यांना जेमतेम एक स्क्वाड्रन (लढाऊ विमानांची एक तुकडी) परवडते, त्यांनी आधी एकच प्रश्न विचारावा असं माझं मत आहे: कुठल्याही दिवशी, कुठल्याही वेळी, हत्यारं लावलेली दोन विमानं पंधरा मिनिटांत वर जातील का? आणि असं पुढची तीस वर्षं करायला किती पैसे लागतील?

आता एक आकडा बघा, सुरुवातीच्या ताफ्याचा. चेक प्रजासत्ताक १४ ग्रिपेन. हंगेरी १४ ग्रिपेन. स्लोव्हाकिया १४ एफ-१६. ऑस्ट्रिया १५ टायफून. क्रोएशिया १२ राफाल. थायलंड १२ ग्रिपेन. फिलिपिन्स १२ एफए-५०. देश वेगळे, विमानं वेगळी, गरजा वेगळ्या, आणि गाडी येऊन थांबते बारा ते पंधरावर. हा योगायोग नाही. चौदा विमानं असली तर तीन-चार कायम मोठ्या तपासणीसाठी उघडलेली असतात. एखाद-दोन सुट्या भागाची वाट बघत उभी असतात. दोन गस्तीच्या हँगरमध्ये हत्यारांसकट तयार, त्यांच्या मागे एक राखीव. उरली पाच ते सात, ज्यांच्यावर रोजचा सराव करायचा. यातली चार कमी करून बघा, सराव बंद पडतो. सराव बंद पडला की वर्षा-दोन वर्षांत गस्तीला बसवायला तयार वैमानिकच उरत नाहीत.

वैमानिकांचाही हिशेब असाच आहे. नाटोमध्ये लढाऊ वैमानिकाने वर्षाला १८० तास उडावं अशी अपेक्षा असते. चोवीस तास दोन कॉकपिट भरलेले ठेवायचे तर रजा, आजारपण, कोर्स, बढत्या धरून किमान सोळा वैमानिक लागतील असं समजा. सोळा गुणिले १८०, म्हणजे वर्षाला २,८८० उड्डाणतास. हे तास खरी खरेदी आहेत. समजा, एका विमानाचा तास ८ हजार डॉलरला पडतो आणि दुसऱ्याचा २० हजारला. दरवर्षी फरक साडेतीन कोटी डॉलर. तीस वर्षांचा फरक १०० कोटी डॉलरच्या वर. बल्गेरियाने २०१९ मध्ये पहिली आठ नवी एफ-१६ ब्लॉक ७० घेतली त्या सगळ्या सौद्याची किंमत होती १२५.६ कोटी डॉलर. म्हणजे फक्त तासाच्या दरातल्या फरकात जवळपास एक नवा ताफा उभा राहतो.

यात एक खोच आहे. 'तासाचा दर' म्हणजे नक्की काय धरलंय, हे कुणी सहसा सांगत नाही. २०१२ मध्ये जेन्स या संरक्षणविषयक प्रकाशन संस्थेचा एक अभ्यास आला होता. त्यात ग्रिपेनचा तास ४,७०० डॉलर, एफ-१६ चा ७,०००, आणि एफ-३५ए चा २१,००० असे आकडे होते. हे आकडे अजून इंटरनेटभर फिरतात. पण तो अभ्यास ग्रिपेन बनवणाऱ्या साबनेच करून घेतला होता. आणि त्यात इंधन, उड्डाणपूर्व तयारी, तळावरची ठरलेली देखभाल आणि त्यासाठीची माणसं एवढंच धरलं होतं. इंजिनाचं मोठं ओव्हरहॉल, सॉफ्टवेअर अद्ययावत करणं, हत्यारांची मुदत संपली की नवी घेणं, हे सगळं त्या आकड्याच्या बाहेर. तुलना म्हणून त्यातून दिशा कळते. त्यावर अर्थसंकल्प बांधला तर माणूस फसतो.

मग रस्ते कोणते? नवं घ्या, वापरलेलं घ्या, भाड्याने घ्या, किंवा प्रशिक्षण विमानातून घडवलेलं हलकं लढाऊ विमान घ्या (जसं कोरियाचं एफए-५०).

भाडेपट्ट्याचा चेकांचा अनुभव मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. त्यांनी २००५ पासून स्वीडनकडून १२ एक आसनी आणि २ दोन आसनी ग्रिपेन घेतली. दहा वर्षांचा करार, पुढे २०२७ पर्यंत वाढवला. विमान स्वीडनच्या मालकीचं, आणि स्वीडन स्वतः तेच विमान उडवत असल्यामुळे सुधारणांचा भार एकट्या भाडेकरूवर पडत नाही. वीस वर्षांनंतर हातात मालकी काहीच नाही, हा त्यातला तोटा. पण वीस वर्षं आकाश सांभाळलं गेलं.

वापरलेल्यांमध्ये रोमानियाने पोर्तुगालकडून १२ एफ-१६ घेतली, नंतर आणखी पाच, आणि २०२२ मध्ये नॉर्वेची ३२ घ्यायचा करार केला. इथे हिशेब तासांचाच. एफ-१६ ची चौकट, म्हणजे विमानाचा सांगाडा, मुळात ८,००० उड्डाणतास टिकेल अशी, नव्या ब्लॉक ७० ची १२,००० तास. वापरलेलं विमान घेताना 'किती वर्षांचं' यापेक्षा 'किती तास उरलेत आणि ते तास कसे उडवलेत' हे बघायचं असतं. कमी उंचीवर, बॉम्ब लटकवून, करकचून वळणं घेतलेला तास चौकटीला जास्त खातो.

तुमच्या मते छोट्या देशाने सुरुवात कुठून करावी? विशेषतः देखभालीत काम केलेल्यांनी लिहावं ही विनंती.

हिशेबनीस

उत्तम धागा. वाचनखूण साठवली.

खरेदीच्या आकड्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझा सगळा जन्म निविदा वाचण्यात गेला आहे (विमानांच्या नव्हेत, पण निविदेचा स्वभाव सगळीकडे सारखाच). बल्गेरियाच्या १२५.६ कोटींना आठने भागलं की विमानामागे १५.७ कोटी डॉलर येतात आणि लोक म्हणतात, केवढं महाग! त्या आकड्यात प्रशिक्षण, सुटे भाग, हत्यारं, जमिनीवरची यंत्रसामग्री, सुरुवातीचं तांत्रिक साहाय्य हे सगळं असतं. दुसऱ्या देशाने फक्त नुसत्या विमानाची किंमत जाहीर केलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

मी स्वतः सौदा बघताना पाच खाती वेगळी मांडतो: विमान, माणसं घडवणं, तळाची दुरुस्ती, हत्यारं, आणि पहिल्या पाच वर्षांचा आधार. हत्यारांचं खातं छोट्या देशांत नेहमी सर्वांत शेवटी भरलं जातं. हवेतून हवेत लांबवर मारा करणारं एक अ‍ॅमराम क्षेपणास्त्र दहा लाख डॉलरच्या आसपास जातं. दोन विमानांवर प्रत्येकी चार लावली तरी ८० लाख डॉलर नुसते पंखाखाली टांगलेले.

ऑस्ट्रियाचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. त्यांनी १८ टायफून ठरवली, २००७ मध्ये करार बदलून १५ केली, त्यातली सहा वापरलेली. किंमत कमी करताना स्वसंरक्षणाची उपकरणं वगळली, लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र घेतलंच नाही. राहिलं काय, तर दोन इंजिनांचं, चालवायला महाग विमान आणि दृष्टीच्या टप्प्यातलं क्षेपणास्त्र. एवढंच काम करायचं होतं तर एका इंजिनाचं हलकं विमान निम्म्या खर्चात भागलं असतं. काटकसर कुठे करायची हे आधी ठरवायला हवं. आधी मोठं विमान ठरवून मग त्याचे दात काढत बसणं ही सर्वांत खर्चिक काटकसर आहे.

आणि 'ठरलेली किंमत' या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. स्वित्झर्लंडने २०२० च्या सार्वमतात ५०.१ टक्क्यांनी ६०० कोटी फ्रँकची मंजुरी मिळवली, ३६ एफ-३५ निवडली, सरकार म्हणत राहिलं की किंमत पक्की आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने सांगितलं की तसं नाही, आणखी ६५ ते १३० कोटी फ्रँक लागू शकतात. एवढी कसून तपासणी करणाऱ्या देशाची ही गत, तर छोट्या मंत्रालयाने काय करावं?

जुना_हँगर

उत्तरवारा, तुम्ही देखभालवाल्यांना हाक मारली म्हणून लिहितो. वीसेक वर्षं इंजिनांवर काम केलं. कुठे, कुठल्या विमानावर, ते सोडून द्या.

आमच्या हँगरच्या कोपऱ्यात एक विमान जॅकवर उभं असायचं. मी रुजू झालो तेव्हा ते एका हायड्रॉलिक पंपासाठी थांबलं होतं, दोन महिन्यांत येणार होता पंप. तेवढ्यात दुसऱ्या विमानाला इंधनाचा एक झडप-संच हवा होता, तो याचा काढला. मग जनरेटर. मग कॅनोपीची (कॉकपिटवरच्या काचेच्या झाकणाची) कडी. मग उजवं चाक. पंप आला तेव्हा लावायला विमानच उरलं नव्हतं, नुसता सांगाडा. त्याच्या प्रत्येक रिकाम्या जागेवर लाल पट्टी बांधलेली, आणि पट्टीवर भाग कुठल्या विमानात गेला त्याचा क्रमांक. मी बदली होऊन गेलो तेव्हा सत्तावीस पट्ट्या होत्या. शेवटच्या आठवड्यात मी त्या मोजल्या होत्या.

याला कॅनिबलायझेशन म्हणतात. बाहेरच्याला वाटतं, चला, सोय झाली. पण एक भाग काढून दुसरीकडे लावणं म्हणजे एकाच भागाचं काम दोनदा. काढताना सील फाटतं, बोल्टचे आटे जातात, आणि कधीकधी चांगला भाग काढण्यातच बिघडतो. चौदांच्या ताफ्यात असं एक विमान झालं की तुमचा ताफा तेराचा झाला, कागदावर मात्र चौदाच.

म्हणून छोट्या दलाला माझा सल्ला: जे विमान जगात शेकड्यांनी उडतंय ते घ्या. एफ-१६ जुनं आहे, खरंय. पण त्याचा पंप चार देशांत मिळेल, त्याचा मेकॅनिक दहा देशांत मिळेल. तुम्ही एकटेच ज्याचे गिऱ्हाईक आहात त्या विमानाच्या वॉशरसाठीसुद्धा कारखाना पुन्हा सुरू करावा लागतो.

दुसरी गोष्ट, धावपट्टी. एफ-१६ चं इंजिनात हवा घेणारं तोंड पोटाखाली, जमिनीपासून फार उंच नाही. चालू इंजिन खडे ओढून घेतं. म्हणून रोज सकाळी माणसं खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून पट्टीवरून चालतात आणि खडा, खिळा, तारेचा तुकडा, जे दिसेल ते पिशवीत टाकतात. करंगळीच्या नखाएवढ्या खड्याने कंप्रेसरच्या पात्याला टवका पडतो, आणि मग आख्खं इंजिन खाली. उलट मिग-२९ ला जमिनीवर असताना इंजिनाच्या तोंडाची झडप बंद होते आणि हवा वरच्या फटींतून येते, कारण ते खडबडीत पट्ट्यांसाठीच बनवलं होतं. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना तळाचा डांबर-सिमेंटचा खर्च यासाठी येतो. स्लोव्हाकियात हेच झालं. स्लियाच तळाचं काम चालू होतं म्हणून २०२४ च्या जुलैत त्यांची पहिली एफ-१६ दुसऱ्याच तळावर, कुहिन्याला उतरली.

ग्रिपेनबद्दल मी ऐकून आहे तेच लिहितो: स्वीडिश लोकांनी ते ८०० मीटरच्या रस्त्यावरून उडायला आणि एक तंत्रज्ञ व पाच सक्तीच्या सेवेतली पोरं मिळून दहा मिनिटांत पुन्हा भरून द्यायला बनवलं. देखभाल डोक्यात ठेवून विमान काढणारे लोक मला फार आवडतात.

आकाशवेडी

काका, त्या सत्तावीस पट्ट्या डोळ्यांसमोर आल्या. आवर्जून लिहीत जा.

माझा मुद्दा वेगळा आहे. परवडणं फक्त पैशांत मोजू नका. तुमच्या विमानावर नकाराधिकार कुणाकुणाचा आहे ते आधी मोजा.

क्रोएशियाने २०१८ मध्ये इस्रायलची वापरलेली १२ एफ-१६ 'बराक' निवडली. सुमारे ५० कोटी डॉलर, इस्रायली इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं, लढून आलेलं विमान. कागदावर यापेक्षा चांगला सौदा नव्हता. पण मूळ विमान अमेरिकेचं. अमेरिकेने सांगितलं, विकायचं तर इस्रायली सुधारणा काढून मूळ अवस्थेत आणून विका. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच काढून टाका! जानेवारी २०१९ मध्ये सौदा रद्द झाला. मग २०२१ मध्ये त्यांनी फ्रान्सची वापरलेली १२ राफाल ९९.९ कोटी युरोला घेतली, पहिली सहा २५ एप्रिल २०२४ ला उतरली. जवळपास दुप्पट पैसे गेले, पाच वर्षं गेली, पण सौदा एकाच राजधानीशी होता.

अर्जेंटिनाचं तर आणखी अवघड. २०१५ मध्ये मिराज निवृत्त झाली. कोरियाचं एफए-५० हवं होतं, २०२० मध्ये उत्पादकाने कळवलं की त्यात ब्रिटिश भाग आहेत आणि ब्रिटनची बंदी आहे. चिनी-पाकिस्तानी जेएफ-१७ चा विचार झाला, तर इजेक्शन सीट ब्रिटनच्या मार्टिन-बेकरची. ग्रिपेनचीही सीट त्यांचीच. ब्रिटन आणि अर्जेंटिनातलं फॉकलंडचं युद्ध १९८२ चं, आणि चाळीस वर्षांनी एका खुर्चीवरून विमान अडतं. शेवटी २०२४ च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कच्या वापरलेल्या २४ एफ-१६ चा करार झाला. एफ-१६ ची सीट अमेरिकन आहे.

आणि एकदा घेतल्यावरही सुटका नसते. इंडोनेशियाने १९८९ मध्ये १२ एफ-१६ घेतली, पुढे पूर्व तिमोरमधल्या दडपशाहीमुळे अमेरिकेने बंदी घातली, भाग मिळेनात, बरीच विमानं जमिनीवर बसली. म्हणून ते रशियाच्या सुखोईकडे वळले. त्यामुळे त्यांच्या ताफ्यात दोन वेगळी घराणी आली, दोन वेगळी गोदामं, दोन वेगळ्या शाळा. मोठ्या देशाला हे झेपतं. चौदा विमानांच्या देशाने दोन प्रकार ठेवले तर दोन्ही अर्धवट राहतील.

शंकेखोर

मला मुळातच प्रश्न आहे. एवढा खटाटोप कशाला? न्यूझीलंडने २००१ मध्ये लढाऊ विमानांचा विभागच बंद केला. आज त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. तेवढ्या पैशात जमिनीवरून मारा करणारी क्षेपणास्त्रं आणि चांगली रडार घेतली तर आकाश जास्त सुरक्षित राहील. बाल्टिक देशांकडेही लढाऊ विमानं नाहीत, २००४ पासून नाटोचे इतर देश तिथे पाळीपाळीने गस्त घालतात. बेल्जियम, नेदरलँड्स २०१७ पासून आळीपाळीने तिघांच्या आकाशाची (लक्झेंबर्ग धरून) राखण करतात. वाटून घेण्यासारखी गोष्ट असेल तर प्रत्येकाने का विकत घ्यावी?

उत्तरवारा

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे आणि मी स्वतः त्यावर बराच काळ अडलो होतो.

वाटून घेणं ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर करावं. स्लोव्हाकियाने तेच केलं. २०२२ च्या ऑगस्टअखेर त्यांनी मिग-२९ थांबवली, नवी एफ-१६ आली नव्हती, तेव्हा चेक आणि पोलिश विमानांनी त्यांचं आकाश सांभाळलं. पण त्यासाठी शेजारी तुमचे मित्र असावे लागतात आणि त्यांच्याकडे विमानं असावी लागतात. फिलिपिन्सला असा शेजार नव्हता. त्यांनी २००५ मध्ये एफ-५ निवृत्त केली आणि २०१५ च्या नोव्हेंबरात पहिली दोन एफए-५० उतरेपर्यंत, दहा वर्षं, त्यांच्याकडे स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) लढाऊ विमानच नव्हतं.

न्यूझीलंडची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. १९९९ मध्ये त्यांनी २८ एफ-१६ भाड्याने घ्यायचं ठरवलं होतं. ही मूळची पाकिस्तानसाठी बनलेली विमानं, अण्वस्त्रांवरून पाकिस्तानची मदत रोखणारी प्रेसलर दुरुस्ती १९९० मध्ये लागू झाल्यावर अमेरिकेने अडकवून ठेवलेली. म्हणजे आकाशवेडींनी लिहिलेल्या नकाराधिकारातूनच तो स्वस्त सौदा जन्मला होता. २००० मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, आणि पुढच्या वर्षी विभागच बंद झाला. त्यांच्या चारी बाजूंना समुद्र आहे, आणि सर्वांत जवळचा मोठा शेजारी ऑस्ट्रेलिया मित्र आहे. हा निर्णय त्यांना परवडला तो नकाशामुळे. आणि तो परत फिरवता येत नाही. विमान चार-पाच वर्षांत विकत मिळतं. स्क्वाड्रनचा प्रमुख घडायला पंधरा वर्षं लागतात.

क्षेपणास्त्रांबद्दल. शत्रूचं बॉम्बफेकी विमान पाडायचं असेल तर तुमचं खरं आहे. पण शांततेच्या काळात वर जायची वेळ बहुतेकदा उत्तर न देणाऱ्या नागरी विमानासाठी येते. १४ ऑगस्ट २००५ ला हेलिओसचं बोइंग ७३७ लार्नाकाहून अथेन्सकडे निघालं आणि रेडिओवर गप्प झालं. ग्रीसची दोन एफ-१६ वर गेली. त्यातला एक वैमानिक शेजारी आला, खिडक्यांतून आत पाहिलं. कमांडरची खुर्ची रिकामी. सहवैमानिक पुढे कोसळलेला. प्रवाशांच्या डोक्यावर ऑक्सिजनचे मुखवटे लोंबताहेत. त्या क्षणी जमिनीवरच्या लोकांना कळलं की हे अपहरण नाही, आतली माणसं बेशुद्ध आहेत. विमान पडलं, १२१ जीव गेले, कुणी वाचवू शकलं नाही. पण जमिनीवरच्या क्षेपणास्त्राच्या तुकडीला पडद्यावर फक्त एक ठिपका दिसला असता. पाडायचं की नाही हे त्या ठिपक्यावरून ठरवावं लागलं असतं.

मराठमोळा_डेल्टा

छान चर्चा. तेजसचा उल्लेख कुणी का केला नाही? एक इंजिन, हलकं, किंमत आटोक्यात. छोट्या देशांसाठीच बनल्यासारखं आहे.

आकाशवेडी

मलाही ते मनापासून हवं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मलेशियाच्या स्पर्धेत तेजस शेवटपर्यंत होतं. २०२३ मध्ये त्यांनी १८ एफए-५० घेतली, ९२ कोटी डॉलरना. दोन्ही विमानांचं इंजिन एकाच घराण्यातलं, जनरल इलेक्ट्रिकचं एफ४०४. फरक इथे पडतो: कोरियन विमान तोपर्यंत इंडोनेशिया, फिलिपिन्स, थायलंड, इराक या देशांत उडत होतं (काहींकडे त्याचं प्रशिक्षण रूप), कारखाना सुरू होता, आणि तारखेला विमान हातात पडत होतं. तेजस मार्क १ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा. त्याच वर्षी ९९ इंजिनं मागवली. त्यातलं पहिलं इंजिन आलं २०२५ च्या मार्चमध्ये. स्वतःच्या हवाई दलाची रांग एवढी लांब असताना बाहेरच्या छोट्या गिऱ्हाइकाला तारीख कोण देणार? आधी आपला ताफा भरू दे, वर्षानुवर्षं उडू दे, तासांचा खरा खर्च कागदावर येऊ दे. त्यानंतर छोटे देश आपणहून चौकशी करतील.

हिशेबनीस

सहमत. यात एक भर. छोट्या गिऱ्हाइकाने विक्रेत्याला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: तुमचं स्वतःचं हवाई दल हे विमान कुठपर्यंत उडवणार आहे? विक्रेत्या देशाने विमान निवृत्त केलं की सुट्या भागांच्या कारखान्याचा खर्च उरलेल्या गिऱ्हाइकांवर येतो.

अवांतर: काही देशांना जेटची गरजच नसते. दंगेखोर टोळ्या, तस्करांची छोटी विमानं, सीमेवरची टेहळणी यासाठी सुपर तुकानोसारखं पंख्याचं विमान पुरतं. नायजेरियाने २०२१ मध्ये १२ सुपर तुकानो घेतली आणि त्याच वर्षी तीन जेएफ-१७ सुद्धा. काम बहुतांशी जंगलातल्या बंडखोरांविरुद्धचं. मला तीन जेटचा निर्णय कळत नाही. तिनातलं एक तपासणीला, एक भागासाठी थांबलेलं, की उरलं एक.

शंकेखोर

हेलिओसचं उदाहरण वाचून गप्प झालो. माझं अर्धं मत बदललं. तरी दक्षिण आफ्रिकेबद्दल कुणी बोललं नाही. तिथे तर ग्रिपेनच आहेत, स्वस्त म्हणून ज्याचं एवढं कौतुक चाललंय तेच.

उत्तरवारा

बरं झालं काढलंत. २६ ग्रिपेन. २०१३ मध्ये त्यातली १२ दीर्घकालीन साठवणीत ठेवली, कारण उडवायला पैसे नव्हते. २०२१ मध्ये देखभालीचा करार संपला, नवा वेळेत झाला नाही, आणि वर्षभर ताफाच जमिनीवर बसला. विमानात खोट नव्हती. खरेदीचा पैसा एकदा, गाजावाजा करून मंजूर होतो. तासांचा पैसा दरवर्षी, शांतपणे, दुसऱ्या पन्नास गरजांशी भांडून मिळवावा लागतो. २६ ऐवजी १४ घेतली असती आणि उरलेल्या पैशाचा देखभालीसाठी बांधील निधी केला असता, तर बहुधा जास्त विमानं रोज उडाली असती. चेक पद्धतीचा भाडेपट्टा मला यासाठीच पटतो. हप्ता दरवर्षी द्यावाच लागतो, त्यामुळे अर्थमंत्र्याला तो खर्च पुढे ढकलता येत नाही.

जुना_हँगर

साठवणीचं वाचलं म्हणून पुन्हा लिहितो. विमान झाकून ठेवलं म्हणजे खर्च थांबला असं होत नाही. रबराची सीलं न वापरता सुकतात. टायर एका जागी बसतात. इजेक्शन सीटची काडतुसं मुदतीची असतात, तास उडा वा न उडा, तारीख आली की बदला. साठवणीतून काढलेलं विमान पहिल्या महिन्यात इतके बारीक बारीक बिघाड दाखवतं की माणसं वैतागतात.

उत्तरवारांनी विचारलं होतं, सुरुवात कुठून करावी. मी म्हणेन तंत्रज्ञांपासून. करार झाल्यावर विमान यायला चार-पाच वर्षं लागतात. त्या पहिल्या वर्षीच पंचवीस-तीस पोरं निवडा आणि ज्या देशात ते विमान उडतंय तिथल्या हँगरमध्ये पाठवा, दोन वर्षं. वर्गात बसवायला नको, रात्रपाळीला लावा. आमच्याकडे एकदा उलटं झालं होतं. नवी चाचणी यंत्रं आधी आली, शिकलेली माणसं नंतर. यंत्रं खोक्यात चौदा महिने पडून होती, उघडली तेव्हा हमीची मुदत संपली होती.

मराठमोळा_डेल्टा

काका, दोन आसनी विमानं किती घ्यावीत? चेकांनी चौदात दोन घेतली, क्रोएशियाने बारात दोन. सिम्युलेटर असताना तीही कशाला?

जुना_हँगर

दोन हवीतच. सिम्युलेटरवर सगळं शिकवता येतं, पोट आवळलं जाणं शिकवता येत नाही. नव्या पोराला पहिल्यांदा खऱ्या विमानात रात्री, पावसात, ओल्या पट्टीवर उतरवताना मागे कुणीतरी बसलेलं असावं. आणि दोन अशासाठी, की एक कायम तपासणीला असेल.